दगडाची पाठ : चिपळूणजवळच्या एका पश्चिम भिंतीचं प्रकरण

२०२३ चा अधिक श्रावण चालू होता. सकाळी पावणेसातला आप्पांचा फोन आला. आप्पा शेजारच्या वाडीतले. घरमालक मुंबईला असतात, तेव्हा घराकडे बघायचं काम त्यांच्याकडे असतं. "ताई, रात्री न्हाणीच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी पडलं. मला वाटलं माडाची झाप. सकाळी बघतो तर तुमचा दगड."

'तुमचा' त्यांनी मुद्दाम म्हटलं नसेल, पण लागलं. कारण दगड खरंच माझा होता. मे २०२२ मध्ये त्या भिंतीचं काम माझ्या देखरेखीखाली झालं होतं.

दुपारी पोचले तेव्हा सतरा पॅनेलं खाली होती. पत्र्याला दोन भोकं, आणि बाकीचा ढीग चिखलात. रात्रीची वेळ होती म्हणून कुणाला लागलं नाही. सकाळी त्याच न्हाणीच्या दारात आप्पांची सून भांडी घासते.

घर चिपळूणपासून साधारण बारा किलोमीटरवर, उतारावर आहे. तळमजला आणि वर एक मजला. आरसीसीचे कॉलम-बीम, मधल्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, दोन्ही अंगांनी प्लास्टर. पश्चिमेची भिंत ९ मीटर लांब आणि कठड्यासकट ६.४ मीटर उंच. रस्त्यावरून तीच दिसते, म्हणून काकांना ती काळ्या दगडाची हवी होती. (मालकांना मी काका म्हणते, ते माझ्या वडिलांचे जुने स्नेही.) कोकणात जांभ्याची भिंत बांधायची, ती प्लास्टरने झाकायची आणि मग त्या प्लास्टरवर राजस्थानातून ट्रकने आलेला दगड चिकटवायचा, याबद्दलचं माझं मत मी तेव्हाच सांगितलं होतं. चिरा उघडा ठेवून नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरल्या असत्या तर घर जास्त देखणं दिसलं असतं आणि हा लेखही लिहावा लागला नसता. पण घर त्यांचं, हौस त्यांची.

दगड म्हणजे फाटीव तोंडाची स्लेट. एकेक पॅनेल ६०० बाय १५० मिलिमीटर. अखंड फरशी नव्हे. लांबट चिपा मागून एकमेकींना डकवून केलेली पट्टी, दोन्ही टोकं इंग्रजी झेडसारखी, म्हणजे शेजारच्या पट्टीत अडकते आणि उभा सांधा दिसत नाही. जाडी कुठे २० मिलिमीटर, कुठे ३५. वजन सहा किलोच्या आसपास. खिडक्या वजा जाता भिंतीवर सुमारे ५८० पॅनेलं बसली होती.

नऊ टन आणि सहा किलो

फोनवर काकांचं पहिलं वाक्य होतं, "मी म्हणत होतो ना, वजन जास्त होतंय." आमच्या मिस्त्रींचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, माल बोगस निघाला." दोघांचंही म्हणणं तपासायला सोपं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

उरलेल्या पिशव्या आप्पांच्या पडवीत होत्या. पिशवीवर सी२टीई एस१ असं छापलेलं होतं. ही युरोपीय मानकाची खूण. सी म्हणजे सिमेंटचं चिकटवण. २ म्हणजे प्रयोगशाळेत त्याची पकड प्रत्येक चौरस मिलिमीटरला निदान १ न्यूटन भरली पाहिजे. टी म्हणजे उभ्या भिंतीवर लादी घसरत नाही. ई म्हणजे माल लावल्यावर तीस मिनिटांनी लादी बसवली तरी पुरेशी पकड येते. एस१ म्हणजे थोडं वाकणं सहन करतो. आपल्याकडे आयएस १५४७७ हे मानक आहे, त्यातही चिकटवणांचे पाच प्रकार आहेत. बाहेरच्या भिंतीवर नैसर्गिक दगड बसवायचा तर आणायला हवी ती पिशवी आम्ही आणली होती. मुदतही संपलेली नव्हती.

आता हिशोब करा. एका पॅनेलची पाठ ६०० गुणिले १५०, म्हणजे ९०,००० चौरस मिलिमीटर. न्यूटनाला एक चौरस मिलिमीटर धरला तर ९०,००० न्यूटन, म्हणजे जवळपास ९ टन. सहा किलोचं पॅनेल धरायला कागदावर नऊ टनांची पकड. त्यातला दहावा हिस्सा भिंतीवर उतरला असता तरी पॅनेल हललं नसतं. तेव्हा वजनाने ते पडलं नाही आणि माल बोगस होता असंही म्हणता येत नव्हतं. राहिला तो प्रश्न असा की ते नऊ टन गेले कुठे.

पाऊस कोसळत असताना परांची बांधणं शक्य नव्हतं. भिंतीपासून तीन मीटरवर दोरी बांधली, न्हाणी बंद केली, सुनेला भांड्यांसाठी मागच्या दाराची जागा करून दिली. अधिक महिन्यामुळे त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला आले, तरी काही करता आलं नाही. काकांचं मोठं गोतावळ्याचं घर, आरतीला पन्नास माणसं, आणि दर्शनी भिंतीला दोरी. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

भिंत वाजवून बघणं

दिवाळीनंतर परांची चढली. पहिले दोन दिवस फक्त वाजवणं. लाकडी हातोडीचा दांडा घेऊन प्रत्येक पॅनेलवर तीन ठोके मारायचे, दोन्ही टोकं आणि मध्य. भरीव पॅनेल 'टक' असं आखडून वाजतं. पोकळ असेल तर आवाज पसरतो, रिकाम्या डब्यासारखा. कान तयार व्हायला अर्धा तास पुरतो. मी चौकटीच्या कागदावर भिंत काढली होती आणि खालून एकेक चौकट रंगवत होते. मिस्त्री वरून ओरडायचे, "भरला... भरला... भदाड!"

१६३ पोकळ निघाली. आकड्यापेक्षा कागदावरची नक्षी बोलकी होती. पोकळ चौकटी भिंतभर विखुरलेल्या नव्हत्या, चार ठिकाणी गोळा झाल्या होत्या. मधल्या स्लॅबच्या रेषेवर आडवा पट्टा, त्यात ६१. वरच्या मजल्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, ५८. तिन्ही खिडक्यांच्या कडेने २९. कठड्याखाली १५. खाली पडलेली सतराही याच पट्ट्यांतली होती. भिंत एका रोगाने आजारी नव्हती, चार वेगवेगळ्या रोगांनी होती. एकच कारण शोधत बसलो असतो तर तीन हातचे निसटले असते.

मग प्रत्येक गटातली दहा-दहा पॅनेलं काढली आणि अंगणात पाठ वर करून मांडली. आम्ही दगड निवडताना, रंग जुळवताना, घरमालकाला दाखवताना सगळा वेळ त्याचं तोंड बघतो. दगड टिकतो तो पाठीवर. आणि पाठ बसवतानाच्या एका मिनिटात फक्त मिस्त्री बघतो, तोही घाईत.

दक्षिणेकडच्या वरच्या भागातली पाठ बघून मला जास्त वाईट वाटलं. दगड जवळजवळ कोरा होता. त्यावर राखाडी रेघा, बस्स. आणि भिंतीवर माल जसाच्या तसा, दातेरी थापीने ओढलेल्या सऱ्या ताठ उभ्या, नांगरलेल्या शेतासारख्या. त्या सऱ्या चेपून सपाट झालेल्या दिसायला हव्या होत्या. माल लावल्यावर त्याच्या पृष्ठभागावर दुधावर येते तशी साय धरते. साय धरल्यावर दगड दाबला तर तो त्यावर टेकतो, चिकटत नाही. पिशवीवरची तीस मिनिटं प्रयोगशाळेतली आहेत, २३ अंशांची. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा.

तीनच का, तर माझ्या फोनमध्ये कामाचे फोटो होते, वेळेसकट. उत्तरेकडचा भाग सकाळी साडेनऊ, दहा, अकरा. त्या वेळी पश्चिमेची भिंत सावलीत असते. दक्षिणेकडचा भाग ३ वाजून १० मिनिटं, ३ वाजून ५५. गृहप्रवेशाची तारीख ठरलेली होती, पाऊस तोंडावर होता आणि मी दुपारची दुसऱ्या साइटवर असायची. फोटो मिस्त्री पाठवायचे, मी 'ठीक' म्हणून अंगठ्याची खूण पाठवायची. फोटोत दगडाचं तोंड दिसतं.

खातरजमा म्हणून त्याच भिंतीवर, त्याच मालाचं ताजं पोतं आणून, नोव्हेंबरमधल्या उन्हात दोन वाजता हातभर पट्टा ओढला. दर दोन मिनिटांनी बोट टेकवायचं. बोटाला माल लागला तर जिवंत, बोट कोरडं आलं तर मेला. बाराव्या मिनिटाला बोट कोरडं आलं. मे महिन्यात किती मिनिटं मिळाली असतील ते मिस्त्रींना सांगावं लागलं नाही. ते नुसते म्हणाले, "आम्ही चार-चार फूट ओढत होतो, मॅडम."

खिडक्यांच्या कडेची पाठ वेगळी होती. इथे सगळे कापलेले तुकडे. त्यांच्या पाठीवर पिठासारखा राखी थर, नखाने खरवडला की निघणारा. पाणी ओतत दगड कापला की दगडाची राड होते, ती पाठीवर पसरते, उन्हात वाळते आणि दगडाचाच भाग वाटते. माल त्या राडीला घट्ट धरून बसला होता, राडीने दगडाला धरलं नव्हतं. कापल्यावर बादलीत बुडवून ब्रश मारायचा, हे अर्ध्या मिनिटाचं काम. मी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज वाटली नव्हती, हे जास्त खरं.

तिसरी पाठ स्लॅबच्या रेषेवरची. इथे दगडावर माल होता, मालावर प्लास्टरचा बोटभर थरही होता. म्हणजे चिकटवणाने आपलं काम चोख केलं. दगड भिंतीवरून सुटलाच नाही, भिंतीचं प्लास्टरच त्याला घेऊन सुटलं. बीम काँक्रीटचा, त्याखाली जांभा. दोन्ही वेगवेगळे तापतात, वेगवेगळे ओले होतात, आणि त्यांच्या सांध्यावर प्लास्टरला केसासारखी चीर जाते. म्हणूनच तिथे प्लास्टरच्या आत जाळी मारतात, सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर तरी. आमची जाळी काँक्रीटवर होती, जांभ्यावर जेमतेम दोन बोटं. शिवाय जांभा तहानलेला दगड. आधी भिजवला नाही तर प्लास्टरमधलं पाणी पिऊन टाकतो आणि चिऱ्याच्या भोकांतली माती तशीच राहते. प्लास्टर माझ्या आधीच्या ठेकेदाराने केलं होतं, हे इथे नोंदवते. पण वाजवून न बघता त्यावर दगड चढवला तो मी.

दगड हलतो

काकांना हे पटायला वेळ लागला. "दगड कसा हलेल गं?" त्यांना कागदावर दाखवलं. काळी स्लेट पश्चिमेच्या उन्हात सहज ६० अंशांवर जाते. त्यावर वळवाची सर आली की पंधरा मिनिटांत ३५ अंशांनी खाली येते असं धरा. दगड दर अंशाला दर मीटरमागे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित कमी फुगतो-आक्रसतो. ९ मीटरच्या भिंतीला ३५ अंशांचा फरक म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या घरात. पण टोकापासून टोकापर्यंत दगड एकमेकांना घट्ट भिडवलेले होते, कुठेही सोडलेली फट नाही. त्याला सरकायला जागा नाही, म्हणून तो ढकलतो. ढकलतो तेव्हा जिथे पकड आधीच कच्ची आहे तिथलं पॅनेल पुढे येतं. आणि एखादं टोक सुटलं की ते नऊ टन उपयोगाचे राहत नाहीत, कारण आता सगळं पॅनेल एकदम ओढलं जात नाही. कडेपासून सोललं जातं, संत्र्याच्या सालीसारखं.

बाहेरच्या भिंतीवर अडीच ते साडेतीन मीटरवर, प्रत्येक मजल्याच्या रेषेवर आणि कोपऱ्यात ८-१० मिलिमीटरची फट सोडून ती सीलंटने भरायची असते. आमच्या नकाशात ती होती. काकांना ती रेघ 'दगडाला चीर गेल्यासारखी' वाटली आणि मी ती काढून टाकली. हा निर्णय चर्चेतला होता, घाईतला नव्हता. त्यामुळे त्याचं समर्थन करायला मला सर्वात कमी जागा आहे.

ते म्हणाले, "मग मोठमोठ्या बिल्डिंगांना लावतात ते?" तिथेही ऊन तेच करतं. शिकागोत ८३ मजल्यांच्या एका मनोऱ्याला, पुढे ज्याला अमोको बिल्डिंग म्हणत, १९७० च्या दशकात इटलीतल्या काराराचा संगमरवर लावला होता. सुमारे ४३ हजार फरशा, जेमतेम सव्वा ते दीड इंच जाडीच्या, आणि चिकटवलेल्या नव्हे, धातूच्या आधारांवर टांगलेल्या. तापून-निवून त्या फरशा ताटासारख्या वाकल्या. १९९० ते १९९२ मध्ये सगळ्या उतरवून जागी दोन इंची ग्रॅनाइट लावला, खर्च आठ कोटी डॉलरच्या वर. "तिथे आधार चुकले नव्हते, दगडच थकला," असं मी सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपलं स्वस्तात गेलं म्हणायचं."

चौथा गट, कठड्याखालचा, पटकन उलगडला. कठड्याच्या माथ्यावर नुसतं प्लास्टर, त्याला उतार नाही, झाकण नाही. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ते पाणी माथ्यावरून आत जिरत होतं आणि पॅनेलच्या मागच्या पोकळ्यांत उतरत होतं. उतरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. कारण गृहप्रवेशाच्या आधी, दगड काळाभोर चकचकीत दिसावा म्हणून, काकांच्या चिरंजीवांनी रंगाऱ्याकडून त्यावर वेट लुक लॅकरचे दोन हात मारून घेतले होते. मला न सांगता. लॅकरचा पापुद्रा पाण्याला बाहेरून अडवतो तसा आतूनही अडवतो. त्या पंधरा पॅनेलांवर जे पांढुरके डाग होते तो खार होता, पापुद्र्याच्या आत अडकलेला.

काय ठेवलं, काय काढलं

तीन वाटा होत्या. फक्त पोकळ पॅनेलं बदलायची, ही काकांची पहिली पसंती. मी नाही म्हटलं. स्लॅबच्या रेषेवर रोग प्लास्टरमध्ये होता, आणि आज भरीव वाजणारं पॅनेलही त्याच प्लास्टरवर होतं. दुसरी, स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर सुका दगड. ही पद्धत चांगली, पण तिला जाड अखंड फरशी लागते, जिच्या कडेत खाच मारता येते. आमची पट्टी चिपा डकवलेली. आणि क्लॅम्पचा बोल्ट धरणार कोण? काँक्रीट बीम-कॉलमपुरतंच. जांभ्यात फुगणारा बोल्ट कसला तर चिराच फुटतो.

तिसरी वाट माझी. वरच्या मजल्यावरचा सगळा दगड उतरवायचा, भिंत प्लास्टर-रंगाची ठेवायची. खाली लिंटेलच्या उंचीपर्यंत, म्हणजे २.१ मीटर, दगड नव्याने बसवायचा. तिथून निसटला तरी उंचावरून डोक्यात पडणार नाही. काकांनी दोन आठवडे घेतले. शेवटी काकू म्हणाल्या, "वरचा काढा. मला त्या भिंतीखालून जायची भीती वाटते." निर्णय झाला. मजुरी माझ्याकडून, सामान काकांकडून.

तळमजल्याचं काम डिसेंबरात सुरू केलं आणि ते मला लांबण लावून सांगायचं आहे, कारण पहिल्या वेळी जे अर्ध्या मिनिटात उरकलं ते सगळं या वेळी पूर्ण वेळ घेऊन केलं.

सैल प्लास्टर चिऱ्यापर्यंत काढलं. चिऱ्यांच्या भोकांतली माती तारेच्या ब्रशने काढून धुतली. सांध्यांवर जाळी, दोन्हीकडे वीतभर. नवं प्लास्टर, त्यावर फळी फिरवून खरखरीत पृष्ठभाग, घोटून गुळगुळीत नाही. सात दिवस पाणी मारलं आणि मग तीन आठवडे सुकू दिलं. त्यावर पॉलिमर-सिमेंटचं जलरोधक दोन हात, कारण सांधे न भरलेल्या दगडातून पाणी मागे जाणारच. ते भिंतीत शिरू नये एवढंच आपल्या हातात.

पहिली ओळ जमिनीवर टेकवायची नाही. आपल्याकडे पागोळ्यांनी उडालेला लाल चिखल हातभर चढतो. जोत्याच्या वर चार बोटं सोडून अॅल्युमिनिअमची अँगल पाणसळीत ठोकली, तिच्यावर पहिली ओळ. त्याआधी अंगणात चार खोक्यांतला दगड मिसळून सुकी मांडणी केली. एकाच खोक्यातला दगड सलग लावला तर भिंतीवर चौकोनी डाग दिसतो. कुठे चार इंचांहून लहान तुकडा येतोय तेही तिथेच कळतं. तो येत असेल तर दोन पॅनेलांत वाटून घ्यायचा, चिंचोळी खपली लावायची नाही.

कापायला चार इंची ग्रायंडर, डायमंडची पाती, आणि एक मुलगा फक्त पाण्याची बाटली धरायला. पॅनेल तोंडावर पालथं घालायचं, खाली जुनं गोणपाट. पाठ सपाट असते, तिथे पेन्सिलची रेघ सरळ येते. एका दमात आरपार जायचं नाही, आधी उथळ चर, मग खोल. कापलेली कड नेहमी आतल्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या चौकटीआड जाईल अशी लावायची, फाटीव टोक बाहेर. कोपऱ्यावर ४५ अंशांची तासणी मिस्त्रींना यायची, पण फाटीव दगडाची तासलेली धार महिन्याभरात उडते. म्हणून कोपरा गुंफला, एक ओळ इकडची पुढे, एक तिकडची.

पाणी ओतत कापायचं कारण पात्याचं आयुष्य, असं सगळे समजतात. खरं कारण फुप्फुसं. या दगडात सिलिका असते, आणि कोरडं कापताना तिची जी धूळ उडते त्यातली घातक धूळ दिसत नाही, खोल जाऊन बसते. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, एकदा झाला की बरा होत नाही. रुमाल बांधून भागत नाही, एन९५ किंवा त्यावरचा मुखवटाच हवा. आणि पाण्यासोबत वीज आली, म्हणून ग्रायंडरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. पहिल्या वेळी ना मुखवटा होता, ना आरसीसीबी. मुलगा पांढराफटक होऊन घरी जायचा आणि आम्ही हसायचो.

कापलेला तुकडा बादलीत, ब्रश, स्वच्छ पाणी, मग सावलीत उभा. बादलीचं पाणी दर तासाला बदललं.

माल लावणं फक्त सकाळी, साडेअकराला थांबायचं. भिंत ओलसर, पण वाहती नको. एका वेळी दोन पॅनेलांपुरताच माल, १० मिलिमीटर दातांच्या थापीने, सऱ्या सगळ्या एकाच दिशेला. मिस्त्रींचा हात गोल फिरायचा, जमिनीच्या लादीची सवय. गोल सऱ्यांत हवा कोंडते, सरळ सऱ्यांतून ती टोकाने निघून जाते. दगडाच्या पाठीवरही पातळ लेप. मग पॅनेल टेकवून सऱ्यांना आडवं बोटभर सरकवायचं आणि रबरी हातोडीने ठोकायचं. दर पंधरावं पॅनेल ताजं असतानाच उपटून पाठ बघायची. बाहेरच्या भिंतीवर ९५ टक्के पाठ भरलेली हवी. पहिल्या दिवशी चार वेळा उपटलं. तिसरं मिस्त्रींनी स्वतःच, मी न सांगता, काढून मला दाखवलं. पाठ लोण्यासारखी भरलेली.

तीन-तीन मीटरवर फट सोडली, दगडाच्या रंगाच्या सीलंटने भरली. दोन मीटरवरून दिसत नाही. कठड्यावर कोट्याची झाकणपट्टी, उतार गच्चीकडे, दोन्ही कडा भिंतीच्या पुढे दीड इंच आणि खालून पाणी तुटायला खाच. लॅकर नाही. वाफ जाऊ देणारं, दगडात मुरणारं सिलेनचं पाणी एकदाच मारलं. दगड आता काळाभोर दिसत नाही, करडा दिसतो. चिरंजीव नाराज आहेत.

उतरवलेल्या दगडातला बराचसा आप्पांनी नेला. न्हाणीसमोर, जिथे सून भांडी घासते, तिथे त्यांनी फरसबंदी केली आहे, सगळी पॅनेलं पालथी. फाटीव तोंड पायाला टोचतं म्हणून.

पहिला पावसाळा गेल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा वाजवून बघितलं. भिंतीवरची सगळी भरीव, दोन सोडून. ती दोन दक्षिण टोकाला शेजारी-शेजारी आहेत, आणि त्यांच्या बरोबर मधोमध एसीच्या बाहेरच्या युनिटचा ब्रॅकेट आहे. जूनमध्ये एसीवाल्याने दगडातून आरपार ड्रिल मारून तो कसला. बोल्ट जांभ्यात किती धरला आहे, भोकातून पाणी किती गेलं, हे पॅनेल काढल्याशिवाय कळायचं नाही. काका म्हणतात, पुढच्या गणपतीत एसी लागेल, त्यानंतर काढ. काढणार आहे, सकाळच्या वेळी.